लांडग्यांचे डॉक्टर

डॉक्टरांना लाज नव्हती. शिवी म्हणून सांगत नाही. काहींना वास येत नाही, काहींना रंग ओळखता येत नाहीत, तसं त्यांना लाज हे प्रकरणच ठाऊक नव्हतं. त्यामुळे आम्हा दोघांची मिळून जी काय लाज असायची ती मला एकट्याला वाटून घ्यावी लागायची. मी त्यांचा ड्रायव्हर होतो.

ते औषधाचे डॉक्टर नव्हते. गुराढोरांना सुई टोचणारेही नव्हते. रानातल्या जनावरांचा अभ्यास करायचे. लांडगा, तरस, रानमांजर, डोंगरातला शिंगवाला बकरा. ताइफच्या वरच्या डोंगरापासून खाली वाळवंट लागतं तिथपर्यंत जे काय चार पायांवर चालतं ते सगळं. पण जीव लांडग्यावर. मूळचे हुफूफचे, खजुराच्या बागायतदारांच्या घरातले. रियाधला प्रोफेसर होते, निवृत्त झाले आणि घरी बसायचं सोडून डोंगरात शिरले. तरुणपणी शिकायला हिंदुस्थानात होते, त्यामुळे हिंदी फाडफाड. माझ्याशी हिंदीत बोलायचे, राग आला की अरबीत. मी चौथी पास. पण उभी हयात सौदीत मेकॅनिक म्हणून काढलेली, त्यामुळे त्यांचा दोन्ही भाषांतला राग मला कळायचा.

आता त्यांचे गुडघे गेलेत म्हणे. मुलींनी रियाधला घरात ठेवलंय. मीही गावाला येऊन पडलोय. म्हणून म्हटलं, आठवतंय तोवर लिहावं.

काम काय होतं तेही सांगतो. सकाळी पिकअप काढायची, दगडाधोंड्यांतून जाईल तिथवर न्यायची, मग उतरून चालायचं आणि लांडग्याचा गू शोधायचा. शिकलेली माणसं विष्ठा म्हणतात. मी विष्ठा म्हणूनही पाहिलं, वास तोच येतो. तो सापडला की डॉक्टरांना दारात वरात आल्यासारखा आनंद व्हायचा. गुडघ्यावर बसायचे, काडीने उकलायचे. आत केस, हाडाचे तुकडे, कधी खजुराची बी.

"वाकून बघ, अबू नंदा! काल याने ससा मारला. आणि त्याआधी कुणाच्या तरी बागेत चोरून खजूर खाल्ला."

'वाकून बघ' हा त्यांचा मंत्रच होता. गाडीचं इंजिन गरम झालं तरी वाकून बघ, दुकानात डाळ घेतली तरी वाकून बघ. वरून बघून बोलणाऱ्या माणसांचा त्यांना तिटकारा होता. माझी कंबर त्यापायी कामातून गेली.

मग तो माल आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरायचा आणि थुवालला, समुद्राकाठच्या विद्यापीठात, तपासायला पाठवायचा. तिथे यंत्रावर कळतं म्हणे, कोण कोणाचा बाप आणि कोण कोणाची लेक. पाठवेपर्यंत डबे थंड पेटीत. आणि त्याच पेटीत आमचं जेवण.

एकदा नाक्यावर पोलिसाने ती पेटी उघडायला लावली. तरणा पोरगा होता, इस्त्रीच्या कपड्यातला.

"हे काय आहे?"

"तरस," डॉक्टर म्हणाले. "आणि हा लांडगा. हा वरचा मात्र एकदम ताजा आहे. वास घेऊन बघ."

पोरगा मागे सरकला. मग माझ्या खिडकीशी आला. "हा तुझा कफील?" कफील म्हणजे ज्याच्या नावावर आपला व्हिसा असतो तो मालक.

"हो."

"अल्ला तुला सब्र देवो," म्हणाला आणि इकामा, म्हणजे माझा राहण्याचा परवाना, न बघताच सोडला.

आम्हा कामगारांच्या खोलीवर राजापूरचा एक सुतार होता, मी परत आलो की तो वाटच बघत बसलेला असायचा. "काय तात्या, आज काय गावलं? ओलं की सुकं?" सगळी खोली हसायची. "हात धुतलेस ना? मग भाकरीला लाव हात." त्याचं तरी काय चुकलं? डॉक्टरांनी एकदा आमच्याच मेसच्या मोठ्या पातेल्यात चहापत्ती उकळून आपला पांढरा थोब, म्हणजे तो पायघोळ झगा, त्यात बुडवला होता. जनावराला पांढरं लांबून दिसतं, म्हणून दगडाच्या रंगाचा करायचा होता. झाला. डागडागांचा झाला, मळकट म्हशीसारखा. तोच घालून ते पुतणीच्या लग्नालाही गेले आणि मला बरोबर नेलं. मी हॉलच्या बाहेर गाडीत बसून राहिलो, जेवायलासुद्धा आत गेलो नाही. सुताराने ते पातेलं राखेने घासघासून पातळ केलं, तरी चहाला माणसं नाक लावून बघत.

अबू नंदा म्हणजे नंदाचा बाप. तिकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, तो मान असतो. मला मुलगा नाही. एकच मुलगी, नंदा, ती विरारला असते. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं आणि तेव्हापासून मी अबू नंदा. एवढ्या बाप्याला पोरीच्या नावाने हाक, म्हणून खोलीत चेष्टा व्हायची. मला बोचायचं ते वेगळंच. जन्मभर मी बायकोला नावाने हाक मारली नाही. 'नंदाची आई', असंच. डॉक्टरांनी हाक मारली की जोडीतलं एकच माणूस उरलंय हे दर वेळी नव्याने कळायचं.

ती वैशाखात गेली. पोटात गाठ होती. मी तेव्हा कायमचा घरी आलो होतो, आता दोघं मिळून राहू म्हणून. तिने अंगणात कोकमाची सोलं वाळत घातली होती. ती दवाखान्यात गेली आणि सोलं जागच्या जागी करपली. वर्षश्राद्ध उरकलं आणि मी पुन्हा पासपोर्ट बाहेर काढला. गावात म्हणाले, म्हाताऱ्याला सौदी काही सुटत नाही. म्हटलं बोलू दे. रिकाम्या घरात बसवत नाही म्हणून पळालो, हे बाप्या माणसाने चारचौघांत सांगायचं कसं?

आणि तिथे जाऊन काय, तर सरळ रस्त्यावर रडू यायचं. डोंगरात नाही यायचं, तिथे स्टिअरिंगशी झुंज असायची. पण खाली वाळवंटात उतरलं की रस्ता काठीसारखा सरळ, हाताला काम नाही, डोळ्याला काही नाही. मग आपोआप डोळे भरायचे. मी तोंड खिडकीकडे करायचो, नाक शिंकरल्यासारखं करायचो. मला वाटायचं, डॉक्टर बाहेर बघताहेत, त्यांना काय कळतंय.

एक दिवस ते पुढे बघतच म्हणाले, "रडायचं तर रड. पण मागून ट्रेलर येतोय, त्याला आधी जाऊ दे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "डोळ्यांत वाळू जाते, डॉक्टर."

"काच बंद आहे," ते म्हणाले.  मग एकदम शिकवल्यासारखं सुरू झाले. "लांडगा जोडीने राहतो. जोडीतलं एक मेलं की दुसरं काही दिवस त्याच जागी फिरतं. बोलावतं. मी पाहिलंय."

"मग पुढे काय होतं?"

"काही होत नाही. पाणी पितं. फिरतं. मग कुठेतरी लांब दिसतं. किंवा दिसत नाही."

झालं. एवढंच सांत्वन. नंदा फोनवर म्हणायची, पप्पा, रडू नका, आई वरून बघते आहे. त्याने काही व्हायचं नाही. डॉक्टरांच्या या बोलण्याने मात्र त्या दिवशी जेवण घशाखाली उतरलं.

त्यांच्या घरी रियाधला एकदा घेऊन गेलो होतो. बायको, मुली, सगळी शिकलेली, मोठं घर. बेल वाजवली तर धाकटीने दार अर्धंच उघडलं आणि आतून साबण फेकला. डॉक्टरांनी झेलला, अंगणातल्या नळाखाली डोकं धुतलं, तेव्हा कुठे दार पूर्ण उघडलं. "शिस्तीच्या आहेत माझ्या मुली," मला म्हणाले, अभिमानाने.

सगळ्यात जड जायचं ते लोकांच्या मजलिसमध्ये त्यांच्याबरोबर बसणं. मजलिस म्हणजे पाहुण्यांची बैठकीची खोली. डोंगरातला गरीब मेंढपाळसुद्धा आलेल्याला आत बोलावून गहवा देतो, म्हणजे त्यांची ती वेलचीची पिवळी कॉफी, छोट्याशा बिनकानाच्या फिंजानात. बरोबर खजूर. डॉक्टर खजूर तोंडात घालायचे, चघळायचे आणि यजमानाला सांगायचे, "हा बकऱ्यांना घाल." मग खिशातून हुफूफचा आपला खजूर काढून वाटायचे. त्यांना वाईट बोलायचं नसायचं, खरं बोलायचं असायचं, आणि त्यात फरक असतो हे त्यांच्या गावीच नव्हतं. मी आपला यजमानाकडे बघून कसनुसा हसायचो, त्याचे खजूर दोन जास्त खायचो आणि फिंजान नीट हलवून परत द्यायचो. पुरे झालं की फिंजान असं हलवायचं असतं. सौदीत राहून तेवढी एक रीत मी पक्की शिकलो होतो. ती रीतच पुढे नडली.

एका दरीत लांडग्यांची एक जोडी होती. नराचा कान फाटका, मादी फिक्या रंगाची. समोरच्या कड्यावर दगडाआड पालथं पडून आम्ही दुर्बिणीतून बघायचो. मला त्या कामाचा कंटाळा यायचा नाही. नर शिकार घेऊन यायचा आणि ती त्याच्यावर खेकसायची, उशीर का झाला म्हणून विचारल्यासारखी. तो बिचारा बाजूला जाऊन बसायचा. मी एकदा मोठ्याने हसलो तर डॉक्टरांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. त्या वर्षी तिला पिल्लं झाली. कपारीतून पिल्लं पहिल्यांदा बाहेर आली तेव्हा डॉक्टर अरबीत काहीतरी पुटपुटले. मला वाटलं शिवी दिली. बघतो तर ते अल्लाचे आभार मानत होते.

मग एका सकाळी त्या दरीकडे वळणाऱ्या रस्त्यावर, दिशादर्शक पाटीच्या खांबाला, तो फाटक्या कानाचा लटकलेला दिसला. तिकडे ही जुनी चाल आहे. लांडगा मारला की रस्त्याच्या कडेला टांगतात, येणाऱ्याजाणाऱ्याने बघावा म्हणून. सरकारची बंदी आहे, तरी टांगतात. आमच्या गाडीत त्यासाठी शिडी कायमची असायची. डॉक्टर असं कुठलंही जनावर टांगलेलं ठेवायचे नाहीत. उतरवायचे, दात बघायचे, मापं घ्यायचे, मग पुरायचे. येणाऱ्या गाड्या भोंगे वाजवायच्या, पोरं मोबाइलवर फोटो काढायची, आणि मी शिडी धरून तोंड लपवत उभा.

त्या दिवशी त्यांनी मापं घेतली नाहीत. त्याला उतरवलं, शेपटी सरळ केली आणि म्हणाले, "मादी अजून आत आहे. पिल्लं आहेत. ती लांब जाऊ शकणार नाही. हा मारणारा तिलाही सोडणार नाही."

मारणारा कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. दरीच्या तोंडाशी एक म्हातारा राहायचा, मेंदीने लाल केलेल्या दाढीचा, बकऱ्यांचा मोठा कळप असलेला. त्याच्या कुळातली चार घरं त्याच्या शब्दात. त्याची करडं जात होती हे खरंच होतं. पेट्रोल पंपावर त्याने सांगूनही ठेवलं होतं, शुक्रवार झाला की मांसात विष घालून कपारीपुढे टाकणार, मग कटकट खलास.

मी म्हटलं, "डॉक्टर, पोलिसांना फोन करा. बंदी आहे ना? उचलून नेतील म्हाताऱ्याला."

"नेतील," ते म्हणाले. "मग ही एक वाचेल. आणि पुढच्या सगळ्या दऱ्यांत लोक टांगायचे बंद होतील. मारून गपचूप पुरतील. मला कळायचंही नाही कोण मेलं." मग म्हणाले, "मी मागायला जाणार."

"काय मागायला?"

"तिला."

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर आम्ही म्हाताऱ्याच्या मजलिसमध्ये गेलो. घरभर माणसं. भाऊबंद, जावई, शेजारचे. सगळे भिंतीला टेकून गालिच्यावर. डॉक्टरांना म्हाताऱ्याने आपल्या उजवीकडे बसवलं, मला त्यांच्या बाजूला. खजूर आले. मी डोळे मिटून घेतले, आता बोलणार म्हणून. पण डॉक्टरांनी खजूर खाल्ला आणि म्हणाले, "छान आहे." मला बरं वाटायच्या ऐवजी भीतीच वाटली.

मग गहवा आला. आधी डॉक्टरांच्या हातात फिंजान दिलं. त्यांनी ते घेतलं आणि समोर गालिच्यावर ठेवून दिलं. ओठाला लावलंसुद्धा नाही.

खोली एकदम गप्प झाली. सगळे त्या फिंजानाकडे बघायला लागले. म्हातारा बघत होता, त्याचे जावई बघत होते. गहवा गार होत होता.  मनात म्हटलं, झालं, आज खजूर सोडला आणि गहव्यावर घसरले. आमच्याकडे कोणी दिलेला चहा असा पुढ्यात ठेवून बसलं तर त्या घराचा केवढा अपमान! आणि ज्याच्याकडे मागायला आलो त्याच्याच घरात?   कोणी काही करत नाही. शेवटी मीच हात पुढे केला, ते फिंजान उचललं, एका घोटात प्यालो आणि नीट हलवून परत दिलं.

"शुक्रान," म्हटलं. "फार छान."

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

म्हातारा डॉक्टरांना म्हणाला, "दुक्तूर, तुझ्या माणसाने तुझं मागणं पिऊन टाकलं."

डॉक्टरांनी डोळे मिटले. मग माझ्याकडे न बघता हिंदीत हळूच म्हणाले, "अबू नंदा, ज्याला काही मागायचं असतं तो गहवा पीत नाही. पुढ्यात ठेवतो. यजमान म्हणतो, पी, तुझं काम झालं. तोवर थांबायचं असतं. माणूस प्याला म्हणजे त्याला काही मागायचं नाही."

मी इतकी वर्षं त्या मुलखात काढली, पण गॅरेजमध्ये. गॅरेजमध्ये मागायला कोणी गहवा ठेवत नाही. मला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. त्या क्षणी धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. त्या मादीचा जीव त्या एवढ्याशा पेल्यात होता आणि मी तो पिऊन वर 'फार छान' म्हणालो होतो.

म्हातारा वाट बघत होता. त्याच्या तोंडावर राग नव्हता, गंमतही नव्हती. "आता काय ठेवणार पुढे?" त्याने विचारलं.

डॉक्टरांनी दोन्ही हात वर नेले. डोक्यावरचं काळं कडं, इगाल, काढलं, खालचा रुमाल काढला आणि दोन्ही म्हाताऱ्याच्या पायांपुढे ठेवले.

मला रीत ठाऊक नव्हती, पण हे कळायला रीत लागत नाही. भरल्या बैठकीतले सगळे पुरुष खाली बघायला लागले. डॉक्टरांचं डोकं मी तोवर असं उघडं पाहिलं नव्हतं. कपाळ उन्हाने रापलेलं आणि वर एकदम पांढरं, केस नसलेलं, लहान मुलाच्या टाळूसारखं. एवढ्या मोठ्या माणसाने, प्रोफेसराने, बकऱ्यांच्या मालकापुढे डोकं उघडं करून बसावं. आणि का? तर माझ्यामुळे. एक पेला गार होऊ दिला असता तर हे झालं नसतं.

"एका लांडगीसाठी?" म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

"तिच्यासाठी," डॉक्टर म्हणाले. आणि मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "या माणसाकडे बघ. याची बायको मेली. हा माझ्या गाडीत रडतो. रोज. याला वाटतं मला दिसत नाही. घरात बसवेना म्हणून या वयात इतक्या लांब येऊन माझ्यासाठी घाण गोळा करतो. आता तुझ्यासमोर माझा गहवा प्याला, कारण तुझा अपमान होईल याची त्याला लाज वाटली. असा माणूस आहे. याला जे झालंय तेच त्या कपारीत तिला झालंय. तू याला गहवा देतोस. तिला विष देणार आहेस."

अरबी मला तेव्हा कळली नसती तर किती बरं झालं असतं. जे मी पोटच्या मुलीपासून लपवलं, खोलीतल्या सुतारापासून लपवलं, ते सगळं त्यांनी अनोळखी माणसांसमोर गालिच्यावर मांडून ठेवलं. आणि लांडगीच्या शेजारी मांडलं. मी मान इतकी खाली घातली की मला फक्त माझे गुडघे दिसत होते.

"सहीह?" म्हाताऱ्याचा आवाज आला. खरं आहे? तो मला विचारत होता.

मी मान हलवली.

"काय झालं होतं?"

"पोटात गाठ."

"मुलं?"

"एक मुलगी. ती तिच्या घरी."

"घरात आता कोण?"

"कोणी नाही."

 म्हातारा गुडघ्यावर हात देऊन उठला. गहवा ओतायला धाकटी माणसं असतात, घरचा मोठा उठत नाही. त्याने स्वतः किटली घेतली, नवीन फिंजान घेतलं, माझ्यापुढे वाकला आणि ओतून माझ्या हातात दिलं. म्हणाला, "माझी जाऊन आता बरेच उन्हाळे झाले." एवढंच.

मी डॉक्टरांकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत होते, उघड्या डोक्याने. सांगणारं कोणी नव्हतं.  मी ते फिंजान खाली ठेवलं. प्यालो नाही.

म्हाताऱ्याने फिंजानाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पी," म्हणाला. "माझ्या कुळातलं कोणी तिला हात लावणार नाही. विष नाही, बंदूक नाही. पी आता, गार होतंय."

मग त्याने खालचा रुमाल उचलला, झटकला आणि डॉक्टरांच्या डोक्यावर घातला. वर इगाल ठेवलं. वाकडं बसलं होतं. डॉक्टरांनी सरळ केलं नाही. निघताना म्हाताऱ्याने फोन नंबर मागितला. डॉक्टर आपला द्यायला लागले तर म्हणाला, "तुझा नको. याचा."

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "डॉक्टर, माझं रडणं कशाला सांगितलंत? एवढ्या माणसांत?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. खरोखर कळलं नव्हतं त्यांना. "खरं होतं," म्हणाले. "का? खोटं सांगितलं का काही?"

 मी गाडी चालवत राहिलो. आजही तो प्रसंग आठवला की कान तापतात. आणि तरी त्या माणसावर मला कधी रागावता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कड्यावर गेलो. कपार रिकामी. डॉक्टर खाली उतरले, वाकून बघितलं, हाताने माती चाचपली. ती पिल्लं घेऊन गेली होती. कुठे ते दगडावर दिसेना. की तिला आधीच दुसऱ्या कोणी गाठलं होतं? आम्ही त्या महिन्यात दरीदरीने हिंडलो, कॅमेरे लावले. डोंगरी बकरे दिसले, एक तरस दिसलं. ती नाही. डॉक्टर बोलायचे कमी झाले. भरलेल्या डब्यांवरसुद्धा खूश होईनात. मी मनात म्हणायचो, एवढं डोकं उघडं केलं आणि जिच्यासाठी केलं तीच गेली.

मग एक दिवस भर दुपारी, गाडी चालवताना माझा फोन वाजला.

"अबू नंदा?" लाल दाढीवाला म्हातारा. ओरडतच होता. "तुझ्या बाईने माझं करडू नेलं!"

मला आधी कळेना.

"ऐकतोयस ना? आता! माझ्या डोळ्यांसमोर! तीच ती, फिक्या रंगाची. बंदूक भिंतीला टांगलेली. मी उठलो नाही. शब्द दिला म्हणून उठलो नाही. पण करडाचा शब्द दिला नव्हता मी! सांग तिला!"

नंदाची आई तोंडाने फाटकी होती. कुंपणावरून, पाण्यावरून, कोंबड्यांवरून, वाडीतल्या सगळ्यांशी तिची भांडणं. मग माणसं आमच्या ओटीवर यायची, माझ्यापुढे ओरडायची, तुझ्या बायकोला आवर म्हणून. मी शरमेने हात जोडायचो, चुकलं म्हणायचो, सांगतो तिला म्हणायचो. ती आत चुलीपाशी हसत असायची. ती गेल्यापासून माझ्या माणसाची तक्रार घेऊन माझ्याकडे कोणी आलं नव्हतं.

"चुकलं, शेख," मी म्हटलं.  "तिच्या वतीने मी माफी मागतो. सांगतो तिला."

डॉक्टरांनी एव्हाना माझ्या हाताला धरून गदागदा हलवायला सुरुवात केली होती. "जिवंत आहे? ती जिवंत आहे? विचार, मागे काही टाकून गेली का?"

"डॉक्टर, माणसाचं करडू गेलंय," मी फोनवर हात ठेवून म्हटलं.

"वाळायच्या आत विचार!"

मी गाडी बाजूला घेतली. ज्याने शब्दापायी स्वतःचं करडू जाऊ दिलं, त्याला हे विचारायचं? लाजेने माझी मान वर होईना. तरी विचारलं. "शेख, राग मानू नका. तिने तिथे कुठे... गू केलाय का?"

पलीकडे इतका वेळ कोणी बोललं नाही की मला वाटलं फोन ठेवला.

मग म्हातारा गरजला, "केलाय! माझ्या दारात केलाय! यल्ला, या आणि घेऊन जा!"